अफवेवरून शाखा निवडू नये

केंब्रिजमधील आमच्या रविवारच्या वंदनेनंतर, वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर असलेल्या एका मुलीने इमर्जन्सी मेडिसिन घेण्याचा विचार बोलून दाखवला. लगेच एक काका म्हणाले, "अगं, त्या शाखेत आता नोकऱ्या उरल्या नाहीत. अमेरिकेत जागा रिकाम्या पडल्यात!" मुलगी गप्प झाली. काकांची काळजी खरी होती. परंतु तिच्या मुळाशी असलेली माहिती अर्धवट होती.

२०२१ मध्ये अमेरिकेतील इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०३० पर्यंत या शाखेत नऊ हजारांहून अधिक डॉक्टर अतिरिक्त ठरतील, असा अंदाज वर्तवला. विद्यार्थी बिचकले. २०२३ च्या मॅचमध्ये या शाखेच्या तीन हजारांच्या आसपास जागांपैकी साडेपाचशेहून अधिक भरल्या गेल्या नाहीत. पुढच्याच वर्षी हा आकडा दीडशेच्या आत आला. म्हणजे रिकाम्या जागा विद्यार्थ्यांच्या भीतीचे मोजमाप होत्या. रुग्णालयांना डॉक्टर नकोत, असा त्यांचा अर्थ नव्हता.

शिवाय तो अंदाज अमेरिकेचा होता. आपण राहतो त्या ओंटारिओत चित्र वेगळे आहे. येथील महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालानुसार, जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात २३ रुग्णालयांचे इमर्जन्सी विभाग एकूण २०३ वेळा अचानक बंद ठेवावे लागले. आपल्या पश्चिमेकडील क्लिंटन गावात तर २०१९ पासून हा विभाग रात्री बंद असतो. अशा बंदीमागे परिचारिकांचा तुटवडा हे मोठे कारण आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि लहान गावांना डॉक्टर मिळावेत म्हणून सरकारला जादा मोबदल्याची तात्पुरती योजना पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, हेही तितकेच खरे.

तेव्हा "नोकरी आहे का?" या प्रश्नापेक्षा "कोठे आणि कोणत्या मार्गाने?" हा प्रश्न अधिक उपयोगाचा. कॅनडात या शाखेकडे दोन वाटा जातात. एक रॉयल कॉलेजची, पाच वर्षांची. दुसरी कौटुंबिक वैद्यकाची दोन वर्षे आणि त्यावर इमर्जन्सीचे एक वर्ष. मोठ्या शहरांतील विद्यापीठीय रुग्णालयांत शिरकाव कठीण. लहान गावांत डॉक्टरांची वाट पाहिली जाते. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांना कौटुंबिक वैद्यकाचा आधारही राहतो. मात्र रात्रपाळ्या, सणासुदीचे काम आणि थकवा यांचा हिशेब मुलांनी आधीच मांडावा.

भारतात शिकून येणाऱ्या आपल्या डॉक्टरांची अडचण निराळी आहे. भारतात या शाखेला स्वतंत्र मान्यता २००९ मध्ये मिळाली. तेथील पदवीधरांना येथे नोकरीपूर्वीच रेसिडेन्सीचे दार अडवते. जागा थोड्या, आणि मिळालीच तर ओंटारिओत पाच वर्षे नेमून दिलेल्या भागांत सेवा करण्याचा करार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंचनेतून वर आलेला एखादा डॉक्टर येथे गोदामात पाळी करतो, तेव्हा ते साऱ्या समाजाचे नुकसान असते. काळजी करायचीच तर याची करावी.

२००८-०९ च्या मंदीत आम्ही अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, तेव्हा "आयटी संपले" असे सांगणारे कमी नव्हते. त्याच काळात शेजारच्या वॉटर्लूतील ब्लॅकबेरी भरभराटीत होती. २०१३ मध्ये तिने साडेचार हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. बाजाराचा निराशेचा आणि उत्साहाचा, दोन्ही सूर टिकत नाहीत. शिक्षण मात्र तीस वर्षे सोबत राहते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. इमर्जन्सीच्या दारात क्रम ठरतो तो आजाराच्या गांभीर्यानुसार, पाच पायऱ्यांच्या ठरावीक मोजपट्टीने. तेथे आडनाव विचारले जात नाही. ज्यांच्या आजोबांना दवाखान्याच्या ओट्यावर ताटकळत ठेवले गेले, त्यांच्या नातीने त्या दारात डॉक्टर म्हणून उभे राहावेसे वाटणे आपल्याला समजायला हवे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की आपल्या मंडळांनी वर्षातून एकदा, वंदनेनंतर, आपल्या डॉक्टरांना मुलांसमोर बसवावे. आम्हा अभियंत्यांच्या ऐकीव सल्ल्याऐवजी पाळी करून आलेल्या माणसाचे बोल त्यांच्या कानी पडावेत. निर्णय मग त्या मुलीचा. जय भीम.