बातमी शिळी झाल्यावर

विश्वातील दुर्मीळ स्फोटांच्या बातम्या आपण हौसेने वाचतो आणि आठवड्याभरात विसरतो. पण अशा स्फोटाची खरी ओळख पटते ती बातमी शिळी झाल्यावर. या क्षेत्रातील भारताचे मोलाचे काम त्याच उशिराच्या काळातले आहे.

१६ जून २०१८ रोजी हवाईतील ‘ॲटलास’ यंत्रणेला हर्क्युलिस तारकासमूहाच्या दिशेने एक निळसर, अतितेजस्वी ठिपका आढळला. अंतर सुमारे २० कोटी प्रकाशवर्षे. नाव ‘एटी २०१८ काउ’; शेवटची अक्षरे नामकरणाच्या क्रमाने आली, गाईशी त्यांचा संबंध नाही. साधारण सुपरनोव्हाला कमाल तेज गाठायला दोन-तीन आठवडे लागतात. याने ते काही दिवसांतच गाठले आणि तो लगेच मावळू लागला.

जून म्हणजे पावसाळ्याचे तोंड. मी राहतो त्या बेहाल्यात तेव्हा चंद्रही धड दिसत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडदलाही ढग असतातच. मात्र तेथील जीएमआरटीच्या ३० ॲन्टेनांना ते अडवत नाहीत, कारण रेडिओलहरी ढगांतून पार होतात. शिवाय कमी वारंवारतेच्या लहरी आरंभी स्फोटाच्या दाट कवचातच शोषल्या जातात आणि कवच फुगून विरळ झाल्यावर बाहेर पडतात. इतर दुर्बिणी पाठ फिरवू लागतात, तेव्हा जीएमआरटीची पाळी येते.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील ए. जे. नयना आणि पूनम चंद्रा यांनी दीड वर्षाहून अधिक काळ हा स्फोट न्याहाळला. सुमारे ०.१ प्रकाशवर्षापलीकडे भोवतालच्या द्रव्याची घनता एकदम घसरते, असे त्यांना आढळले. हे द्रव्य ताऱ्यानेच आधी उधळलेले. त्याचा वेग सेकंदाला १,००० किलोमीटर धरला, तर हे अंतर स्फोटाआधीच्या सुमारे ३० वर्षांचे होते. म्हणजे अखेरच्या काळात तारा कितीतरी अधिक वेगाने झिजत होता. धक्कालहर जितकी पुढे सरकते, तितका ताऱ्याचा अधिक जुना इतिहास ती उजेडात आणते. घाईने पाहणाऱ्याला तो वाचता येत नाही.

तीच गोष्ट यजमान दीर्घिकेची. २०१९ मध्ये जीएमआरटीच्याच निरीक्षणांवरून एका गटाला तिच्यात हायड्रोजनचे दाट कडे दिसले आणि अलीकडच्या टकरीचा संशय आला; दुसऱ्या गटाला स्फोटस्थळी वायूचा वेगळा साठा आढळला नाही. पुढे २०२३ मध्ये याच जातीचा ‘फिंच’ स्फोट जवळच्या सर्पिल दीर्घिकेपासून सुमारे ५०,००० प्रकाशवर्षे दूर, जवळजवळ ओसाड अवकाशात सापडला. तरुण, वजनदार तारे तिथे कुठून यावेत? हा प्रश्न परिसराचा नकाशा काढल्याशिवाय सुटणार नाही.

म्हणून दुर्बिणीचा वेळ वाटताना आणि संशोधक विद्यार्थ्याचे काम जोखताना ‘पहिल्यांदा कोणी पाहिले’ इतकाच निकष पुरत नाही. ‘शेवटपर्यंत कोण पाहत राहिले’ हेही विचारले पाहिजे. दीड वर्ष एकाच मंदावत्या ठिपक्याकडे पाहणाऱ्याच्या हाती त्या काळात मथळा लागत नाही. पण त्याच्या नोंदी नसतील तर त्या मथळ्याला अर्थही उरत नाही. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा वर्षभराने तिचा पुन्हा शोध घ्या. विज्ञान बहुधा तिथे भेटेल.