पाण्याचा आकडा आणि दुकानाचा उंबरा

आषाढ-श्रावणात कृष्णाकाठच्या बाजारपेठेत दुकान उघडण्याआधी एक आकडा विचारला जातो : पुलाखाली पाणी किती फूट? सांगलीत हा आकडा आयर्विन पुलावरून येतो, कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरून. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. राजाराम बंधाऱ्याजवळ त्या अनुक्रमे ३९ आणि ४३ फूट आहेत. हे आकडे घराघरांत पाठ असतात. परंतु त्यांचा स्वतःच्या उंबऱ्याशी असलेला नेमका संबंध किती कुटुंबांनी लावून ठेवला आहे, हा प्रश्न ऑगस्ट २०१९ च्या महापुराने उभा केला.

त्या आधीचा मोठा पूर २००५ चा. तेव्हा सांगलीत पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते. हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे हळद साठविण्याच्या जमिनीखालील कोठारांमध्ये, पाणी शिरले आणि व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्या पुराच्या खुणा अनेक भिंतींवर राहिल्या, त्याहून अधिक मनांत राहिल्या. चौदा वर्षांनी पाणी वाढू लागले तेव्हा पुष्कळांनी तीच खूण प्रमाण मानली. माल त्या खुणेच्या वरच्या फळीवर चढविला आणि तो सुरक्षित झाला असे समजले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. गणपती पेठेसारख्या जुन्या व्यापारी भागात वरच्या फळ्याही बुडाल्या. मागील पूर किती आला होता हे स्मरण सांगते. पुढचा किती येईल हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी पूर्वानुमान लागते.

भारतात शास्त्रीय पद्धतीने पुराचे पूर्वानुमान देण्यास १९५८ साली दिल्लीजवळ यमुनेवर आरंभ झाला. आज हे काम देशभर केंद्रीय जल आयोग करतो. राज्यात जलसंपदा विभाग धरणांचा साठा, विसर्ग आणि नद्यांची पातळी यांची माहिती देतो. या कामाचे मूळ तत्त्व कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजेल असे आहे. आवक, जावक आणि शिल्लक यांचा तो हिशेब आहे. पाणलोट क्षेत्रात पडलेला पाऊस ही आवक, धरणातून सोडलेले पाणी ही जावक आणि धरणातील साठा ही शिल्लक.

या हिशेबाची दोन परिमाणे वृत्तपत्रांत रोज छापली जातात. सेकंदाला एक घनफूट वाहणारे पाणी म्हणजे एक क्युसेक, आणि शंभर कोटी घनफूट साठा म्हणजे एक टीएमसी. एक लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला, तर साडेआठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी वाहून जाते. राधानगरी धरणाची सारी साठवण जवळजवळ तेवढीच आहे. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी असली, तरी ऑगस्टच्या आरंभी ते बहुतांश भरलेले असेल, तर नव्या पावसाला त्यात जागा उरत नाही. धरणावरील अधिकाऱ्यांपुढचा पेचही येथेच असतो. पाणी लवकर सोडून जागा मोकळी ठेवावी आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर शेती व वीज यांना पाणी कमी पडते. भरून ठेवावे आणि मुसळधार कोसळली, तर सारे एकदम सोडावे लागते. पावसाचे विश्वसनीय पूर्वानुमान नसेल, तर हा निर्णय अंधारात घ्यावा लागतो.

कृष्णेच्या खोऱ्यात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. या नद्यांचे लोंढे वेगवेगळ्या वेळी आले, तर पूर सोसवतो. ते एकाच वेळी आले, तर पातळी झपाट्याने चढते. शिवाय कृष्णा तुडुंब असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा मागे पसरत जातो. शहरात तर नदीकाठ ओलांडण्यापूर्वीच पाणी नाल्यांतून उलटे शिरते. सांगलीचा शेरी नाला आणि कोल्हापूरचा जयंती नाला यांच्या काठच्या रहिवाशांना हा अनुभव नवा नाही. म्हणूनच घाटमाथ्यावर पाऊस थांबला, आपल्या गावात ऊन पडले, तरी पाणी चढतच राहू शकते. आकाश पाहून निश्चिंत झालेला मनुष्य तेथेच फसतो.

पूर्वानुमानाला मर्यादा आहेत. वरच्या ठाण्यावर मोजलेल्या पातळीवरून खालच्या गावाची पातळी सांगणे बरेच खात्रीचे असते, परंतु त्यातून मिळणारा अवधी थोडा असतो. पडणाऱ्या पावसाचा अंदाज धरून गणित केले, तर अवधी वाढतो आणि खात्री कमी होते. केंद्रीय जल आयोग आपले पातळीचे पूर्वानुमान प्रत्यक्ष पातळीपासून १५ सेंटिमीटरच्या आत आले, तर ते अचूक धरतो. याचा अर्थ, उत्तम पूर्वानुमानातही सुमारे सहा इंचांचा फरक गृहीत आहे. उंबऱ्याच्या बरोबरीने पाणी येईल असा अंदाज असेल, तर ते घरात येईल असेच धरून चालणे शहाणपणाचे.

इशारा मिळाला आणि पूर आलाच नाही, तर अनेकजण पुढच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. ‘मागच्या वेळी उगाच हमाली गेली,’ असे म्हटले जाते. येथे व्यापारी बुद्धीनेच विचार करावा. समजा, दुकानात वीस लाखांचा माल आहे आणि तो उंच जागी हलविण्यास हमाली, टेम्पो व भाडे मिळून वीस हजार रुपये लागतात. दहा वेळा माल हलविला आणि नऊ वेळा पाणी आले नाही, तरी एकूण खर्च दोन लाख होतो. दहाव्या वेळी वाचतो वीस लाखांचा माल. विम्याचा हप्ता भरताना कोणी अपघात झाला नाही म्हणून हळहळत नाही. फुकट गेलेली हमाली हाही तसाच एक हप्ता आहे.

हे सारे पावसाळ्यापूर्वी करून ठेवायचे काम आहे. आयर्विन पुलाजवळ ५७ फूट पाणी असताना एखाद्या दुकानात ते फरशीपासून चार फूट उभे राहिले असेल, तर त्या दुकानात पाणी साधारण ५३ फुटांना शिरते. हा स्थूल आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. त्याच्या बराच आधीचा एक आकडा माल हलविण्यासाठी आणि त्याहूनही आधीचा एक आकडा वृद्ध, आजारी व लहान मुलांना हलविण्यासाठी ठरवावा. एकदा ठरलेला आकडा आला की घरात चर्चा नको, कृती व्हावी. जमाखर्चाची पुस्तके, कागदपत्रे आणि औषधे यांची पिशवी वेगळी असावी. विमापत्रात पुराचा समावेश आहे की नाही, हे जूनमध्येच वाचावे. २०२३ पासून केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच’ हे मोबाइल अ‍ॅपही उपलब्ध आहे. घरातील तरुणांनी ते वापरावे आणि वडीलधाऱ्यांना रोजचा आकडा सांगावा.

विलंबाची किंमत केवळ मालात मोजता येत नाही. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. निघू असे म्हणेपर्यंत वाटच उरली नव्हती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. पाणी वेढा घालण्यापूर्वी पायी निघणे आणि वेढा पडल्यावर नावेची वाट पाहणे, या दोहोंमध्ये कधी एका दिवसाचेच अंतर असते.

या हिशेबात दुकानाच्या मालकाबरोबर त्याचे हमाल, दिवाणजी आणि नोकरही येतात. त्यांची घरे बहुधा अधिक सखल भागात असतात, आणि पाणी चढत असताना ते मालकाचा माल हलवीत असतात. त्यांना आधी घरी जाऊ द्यावे, त्यांच्या कुटुंबांसाठी वरच्या मजल्यावरची एक खोली मोकळी ठेवावी, त्या दिवसाची मजुरी कापू नये. पुलावरचा आकडा सर्वांसाठी एकच असतो. तो ज्याला आधी कळतो आणि ज्याच्याजवळ उंच जागा आहे, त्याच्यावर इतरांना सावध करण्याचे कर्तव्यही आधी येते.