कोणत्या गेटाने आत जायचं?

धरमतर खाडीच्या काठावर डोलवीचा पोलाद कारखाना आहे, वर्षाला १ कोटी टन क्षमतेचा. पुढे नागोठण्याला पेट्रोकेमिकल, रोह्याला धाटावची रासायनिक एमआयडीसी. असे कारखाने आता कंट्रोल रूममधल्या पडद्यांवरून चालतात. पेण-रोह्याच्या मोहल्ल्यांतली आपली मुलं त्या खोलीत बसणार की कंत्राटदाराच्या यादीतले हेल्पर होणार, हे बऱ्याचदा दहावीनंतरच्या दोन महिन्यांत ठरून जातं.

सच्चर समितीने २००६ सालीच सांगितलं होतं: देशात विशीच्या पुढच्या मुस्लिमांत पदवी किंवा पदविका असलेले ४ टक्क्यांहून कमी, सर्व समाज मिळून सुमारे ७ टक्के.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘आरक्षण नाही, मग काय होणार?’ तक्रार खरी आहे. २०१४ मध्ये राज्याने ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला, उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग चालू ठेवला, तरी कायदा झाला नाही. ती मागणी सोडू नये. पण जे आज हातात आहे, तेही आपण घेत नसू तर चूक कोणाची?

२०१९ पासून ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. त्याला धर्माची अट नाही. ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत त्यांनी ओबीसीचा दाखला काढावा, बाकीच्यांनी ईडब्ल्यूएसचा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या या प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्य भरतं. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा. पेणमध्येच शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथली पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे.

मग अडतं कुठे? कागदावर. ईडब्ल्यूएसच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनचा राज्यातला रहिवास दाखवावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, वडिलांच्या रेशनकार्डावर ‘मोहम्मद’, मुलीच्या आधारवर नुसतं ‘मो.’ अशी आपली घरं. ही दुरुस्ती निकाल लागल्यावर सुरू केली तर दाखला येईपर्यंत प्रवेशाची फेरी संपलेली असते.

म्हणून हे काम जमातीने डिसेंबर-जानेवारीतच हातात घ्यावं. मशिदीच्या हॉलमध्ये दोन रविवार कागद तपासायला बसावं. कॉलेजात शिकणाऱ्या एकेकाने दोन-तीन घरं वाटून घ्यावीत, तहसील कार्यालयापासून ऑनलाइन अर्जापर्यंत सोबत राहावं. याला फार पैसा लागत नाही. लागलाच तर बैतुलमाल आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतोच, ‘रोज एवढ्या लांब एकटी कशी जाणार?’ अब्बांची काळजी हसण्यावारी नेऊ नका. एकाच मोहल्ल्यातून तिघींचा प्रवेश एकत्र करून द्या. बायकांना एसटीत २०२३ पासून निम्मंच तिकीट आहे. तिघी मिळून निघाल्या की पुढच्या वर्षी हा प्रश्न तेवढा मोठा राहणार नाही.

या जुम्याला नमाजनंतर आपल्या मोहल्ल्यात नववी-दहावीला कोण कोण आहे, याची यादी करा. वहीचं एक पान पुरेल.