बिऱ्हाड हलते तेव्हा मांजराचे काय?

बिऱ्हाड बदलण्याचे ठरले म्हणजे पेट्या, भांडी, बिछाने या सर्वांची मोजदाद होते. आणि अगदी शेवटी कोणाच्या तरी ध्यानी येते की, मांजराचे काय करावयाचे? अशा वेळी घरातील एखादे वडीलधारे माणूस हटकून सांगते, “कुत्रे माणसाचे, मांजर घराचे. राहू द्या त्याला येथेच.” हा सल्ला देण्यात दुष्टपणा नसतो. तथापि त्यात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

मांजराचे जग वासाचे असते हे खरे. त्याच्या गालांवर, हनुवटीखाली व पंजांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, पलंगाच्या खुराला, आपल्या पोटरीला ते गाल घासते, तेव्हा ‘हे माझे’ अशी खूणच ते उमटवीत असते. नव्या घरात अशी एकही खूण नसते. म्हणून ते भेदरते. परंतु त्याला माणसांची ओळख नसते असे मात्र नव्हे. पाळीव मांजर आपल्या धन्याचा आवाज परक्यांच्या आवाजांतून ओळखते, असे जपानी संशोधकांना २०१३ साली आढळून आले. मागे सोडलेल्या मांजराला घर लाभते, पण ओळखीचे आवाज कायमचे हरपतात.

तेव्हा त्याला सोबत न्यावे. मात्र रीतीने न्यावे. झाकणाची टोपली आठवडाभर आधीच घरात उघडी ठेवावी व तिच्यात आपले वापरलेले, न धुतलेले वस्त्र अंथरावे. सामान निघताना मांजराला एका खोलीत बंद ठेवावे आणि सर्वांच्या शेवटी टोपलीतून न्यावे. गोणपाटात कोंबून नेण्याची क्रूर रीत सोडून द्यावी.

नव्या घरी पहिले काही दिवस त्याला एकच खोली द्यावी. तेथे एका बाजूस अन्नपाणी, दुसऱ्या बाजूस वाळूचे पसरट भांडे, जुने अंथरूण आणि लपावयास एक खोका असावा. खोका क्षुल्लक समजू नये. नेदरलंड्समधील एका प्राणिनिवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना असा खोका दिला, काहींना दिला नाही. खोका मिळालेली मांजरे लवकर स्थिरावली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून कपाटाखाली दडलेल्या मांजराला ओढून काढू नये, व मुलांनाही तसे बजावावे. जवळ जमिनीवर बसून हळू आवाजात बोलत राहावे. एके दिवशी ते शेपूट उभारून बाहेर येईल व दाराच्या चौकटीला गाल घासील. नव्या घराशी ओळख जुळू लागल्याची ती खूण होय. मग एकेक खोली मोकळी करावी.

निदान दोन-तीन आठवडे त्यास घराबाहेर सोडू नये. घाईने सोडलेले मांजर जुन्या घराच्या शोधार्थ निघते आणि वाटेत वाहनाखाली सापडण्याचा धोका असतो. जुने घर जवळच असेल, तर तेथील शेजाऱ्यांनी मायेपोटी त्याला खाऊ घालू नये, हेही सांगून ठेवावे. वरच्या मजल्यावर राहावयास गेलेल्यांनी सज्जास व खिडक्यांस जाळी लावावी.

पहिल्या दिवशी अन्न कमी जाणे स्वाभाविक आहे. पण पुरा एक दिवस त्याने अन्नास तोंड लावले नाही, तर पशुवैद्यास विचारावे; उपासमारीने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते. बोका वाळूवर वारंवार बसून कुंथत असेल व लघवी होत नसेल, तर एक रात्रही थांबू नये.

मांजरी आपली पिले सात घरे फिरविते, असे आपल्याकडे म्हणतात. पण ती फिरविते, ती सुरक्षित जागा पाहून आणि एकेक पिलू स्वतः तोंडात धरून. एकही मागे ठेवण्याचा तिचा विचार नसतो. आपल्या मांजराला मात्र नवे घर आपण निवडतो, त्याला न विचारता. निवड आपली, म्हणून ते घर त्याचे होईपर्यंतचा धीरही आपणच धरावयास हवा.