ट्रॉली घेताना आधी आख पाहा

दसरा जवळ आला की साखर कारखान्यांच्या बॉयलरला अग्नी दिला जातो, गव्हाणीत मोळी टाकण्याची तयारी सुरू होते आणि गावोगावच्या ट्रॉल्या शेडबाहेर निघतात. त्यांना नवा रंग लागतो, पाठीमागे कुलदैवताचे नाव लिहिले जाते, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते. हे सगळे व्हावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ट्रॉलीखाली वाकून, गुडघा मातीला टेकवून, ज्या एका लोखंडी बारवर हा सारा डोलारा उभा आहे, तो बार किती जण पाहतात? खाली वाकून पाहणारा शंभरात एखादाच निघेल.

मग पौष-माघातल्या एखाद्या रात्री तो बार तुटतो. भरलेली ट्रॉली रस्त्यात एका अंगावर कलंडते. मागे लाल दिवा नसतो. चाकाला दगड लावले जातात, उसाचा पाला आडवा टाकला जातो आणि ड्रायव्हर गावाकडे मेकॅनिक शोधायला निघतो. त्या अंधारात मोटारसायकलवरून घरी परतणारा कोणाचा तरी मुलगा ट्रॉलीवर आदळतो. हंगामात अशी बातमी वाचावी लागली नाही, असे वर्ष आठवत नाही. माल मालकाचा, मरण तिऱ्हाइताचे. ऊस शेतकऱ्याचा असतो तोही वाळतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा असे म्हणतात ते उगाच नाही. पुढे वजन घटते आणि साखरही उतरते.

बैलगाडीच्या काळात गावचा सुतार बाभळीचे लाकूड पारखून घ्यायचा. आख कोणत्या लाकडाचा, तुंबा कसा, कुणी घट्ट बसली की नाही, वंगण आहे की नाही, हे गाडीवानाला पोरवयातच कळायचे. आता आखाला आपण ॲक्सल म्हणू लागलो. नाव बदलले, भार चौपट-पाचपट झाला, पण पारख मात्र मागे राहिली. ट्रॉली घेताना हौदाची लांबी-रुंदी विचारली जाते, पत्रा किती गेजचा ते विचारले जाते, टायर नवे की रिमोल्ड ते पाहिले जाते. आख मात्र ‘जाडच आहे हो, काळजी करू नका’ एवढ्यावर भागतो.

म्हणून आज या पानातून आखाविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

पहिली गोष्ट जाडीची. चौकोनी बारची बाजू थोडी वाढली तरी त्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद पुष्कळ वाढते. ७५ मिलिमीटरच्या बारऐवजी ९० मिलिमीटरचा बार घेतला, तर जाडी वाढते २० टक्के, पण ताकद वाढते जवळजवळ पावणेदोन पट. सहा फुटी आखाला जादा लोखंड लागते ते सुमारे ३५ किलो. सबंध ट्रॉलीच्या किमतीत या ३५ किलोंचा हिशेब कितीसा? वर्कशॉपवाला नेमके तेवढेच वाचवतो आणि आपण रंगाच्या डब्यावर खूश होतो. गोल बार आणि चौकोनी बार यांतला फरकही ध्यानात ठेवावा. त्याच लोखंडाचा ७५ मिलिमीटर व्यासाचा गोल बार ७५ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी बारपेक्षा सुमारे ४० टक्के कमी भार पेलतो.

दुसरी गोष्ट टोकाची. मधला बार कितीही जाड असला, तरी त्याची दोन्ही टोके लेथवर उतरवून गोल करतात, कारण तिथे हब आणि बेअरिंग बसायचे असते. आख बहुतेक वेळा मोडतो तो याच ठिकाणी, जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो त्या खांद्यावर. टर्नरने तो खांदा काटकोनात, धारदार कापला असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो. तिथे व्यवस्थित गोलाई ठेवलेली हवी. बोट फिरवले तर कोपरा लागता कामा नये. शिवाय टोकाची जाडी विचारावी. आतल्या बेअरिंगखाली ६० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटर व्यास असेल, तर तिथली ताकद सुमारे १.६ पट होते.

तिसरी गोष्ट पाट्याच्या बैठकीची. पाटा आखावर जिथे बसतो तिथून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर जितके जास्त, तितका आख जास्त वाकतो. चाकावर ३ टन भार असेल आणि हे अंतर ३० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटर ठेवता आले, तर तोच भार आखाला एक तृतीयांशाने कमी वाकवतो. याला पैसाही लागत नाही, फक्त ट्रॉली बांधतानाच सांगावे लागते. पाटा यू-बोल्टने आवळलेला असावा. आखावर आडवे वेल्डिंग मारून बैठक चिकटवली असेल, तर त्या वेल्डिंगच्या कडेलाच पुढे तडा जातो.

चौथी गोष्ट लोखंडाची. साधे माइल्ड स्टील आणि ईएन-८ यांत फरक आहे. ईएन-८ मध्ये कार्बन जास्त असतो, ते अधिक ताण सोसते. पण तेच ईएन-८ गरम न करता वेल्डिंग केले, तर वेल्डिंगशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. म्हणून मोडलेला आख वेल्डिंग करून पुन्हा भराखाली घालणे हा शुद्ध जुगार आहे. रिकामी ट्रॉली घरी आणण्यापुरता तो चालेल, उसाची खेप नेण्यासाठी नाही.

भंगारातल्या ट्रकचा मागचा आख घेऊन ट्रॉली बांधण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी आहे. ती वाईट नाही. मालवाहू ट्रकच्या मागच्या आखात भार पेलतो तो बाहेरचा पोकळ सांगाडा, म्हणजे हाउसिंग. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळे शाफ्ट चांगला आहे हे पाहून उपयोग नाही. हाउसिंग वाकले आहे का, ते दोरी लावून तपासावे. बेअरिंग बसते ती जागा झिजली आहे का, ते बघावे. अशा आखाला ब्रेकचे ड्रम असतात हा मोठाच फायदा. ते काढून न टाकता जोडून घेतले, तर उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा त्याची किंमत कळते.

मोडलेला आख वाचताही आला पाहिजे. तुटलेल्या तोंडाचा काही भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला दिसला, तर तो तडा जुना आहे, कित्येक दिवस हळूहळू वाढत होता. उरलेला चमकदार, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. म्हणजे ‘खड्ड्यात आदळला आणि मोडला’ हे अर्धेच खरे. खड्ड्याने फक्त शेवटचा धक्का दिला. हंगामाआधी हब काढून, रॉकेल-डिझेलने पुसून, खांद्याजवळ नीट पाहिले असते, तर तडा कदाचित तेव्हाच दिसला असता.

आता सुट्या भागांविषयी. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय इथे सर्वात महागात पडते. रात्री बेअरिंग फुटते आणि सकाळी माणूस तालुक्याच्या दुकानात जाऊन सांगतो, ‘ट्रॉलीचे बेअरिंग द्या.’ कोणत्या ट्रॉलीचे? दुकानदार अंदाजाने देतो, ते बसत नाही, दुसरी फेरी होते. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो एकदा वहीत लिहून ठेवला की कुठल्याही शहरात तेच बेअरिंग मिळते, ट्रॉली कोणी बांधली ते सांगावे लागत नाही. या नंबरात मापही असते. ३२२१२ किंवा ३०२१२ अशा नेहमीच्या नंबरांत शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास निघतो. १२ म्हणजे ६० मिलिमीटर, १४ म्हणजे ७०. म्हणजे आतल्या बेअरिंगचा नंबर विचारला की आखाच्या टोकाची जाडीही आपसूक कळते. नवी ट्रॉली घेताना हा एक प्रश्न विचारला, तरी समोरच्याला कळते की गिऱ्हाईक जाणते आहे. बेअरिंग बदलताना आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदलावेत. जुन्या कपात नवा कोन फार दिवस टिकत नाही.

सुटे भाग मिळतील की नाही हे वाहन घेतानाच पाहायचे असते, हा धडा जुने ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर एके काळी नावाजलेला. पण पिंजोरचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्यानंतर ज्यांच्या दारात तो ट्रॅक्टर उभा आहे, त्यांना भागासाठी जुन्या बाजारावरच भिस्त ठेवावी लागते. ट्रॉलीच्या बाबतीत ही पाळी आपण स्वतःच ओढवून घेतो. एकाच गावात दहा ट्रॉल्या, दहा वर्कशॉपच्या, दहा मापांच्या. एकाचा हब दुसऱ्याला बसत नाही.

यावर उपाय गावाच्या हातात आहे. यापुढे ट्रॉली घेणाऱ्यांनी बसून एक माप ठरवावे: आख एवढ्या बाजूचा, आतले बेअरिंग या नंबरचे, बाहेरचे या नंबरचे, पाटा एवढ्या रुंदीचा. मग गावात बेअरिंगचे दोन जोड, चार ऑइल सील, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि एक तयार आख एवढे सामान सोसायटीच्या गोदामात किंवा कोणाच्याही पडवीत ठेवले, तरी सगळ्या गावाचा हंगाम निभावतो. दहा जणांत वाटला तर खर्च कोणालाच जड नाही.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर आखाचे माप, लोखंडाची जात व बेअरिंगचे नंबर लिहून घ्यावेत. तोंडी शब्द कलंडलेल्या ट्रॉलीखाली सापडत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकच ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची वेळ आली, तर हातात कागद लागतो.

इथे एक इशारा दिला पाहिजे. जाड आख घेतला म्हणून जादा ऊस भरायची मुभा मिळत नाही. आख वाढला तरी टायर तेच राहतात, ट्रॅक्टरचे ब्रेक तेच राहतात, जोडणीची पिन तीच राहते. आखातली जादा ताकद ही खड्ड्यासाठी, पाणंदीत ट्रॉली एका अंगाला झुकली की त्या बाजूच्या चाकावर येणाऱ्या भारासाठी राखून ठेवायची असते. ती उसाने भरून टाकली, तर आपण होतो तिथेच परत आलो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा घरच्या माणसाची काळजी मोठी असावी.

दोष एकट्या ट्रॉलीवाल्याचा नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याला भाडे टनावर मिळते, त्यामुळे खेपेला दोन टन जास्त घालण्याचा मोह होणारच. कोणत्या ट्रॉलीने किती माल आणला, हे कारखान्याच्या काट्याला प्रत्येक खेपेला कळते. मग मर्यादेबाहेरचा भार आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी समज द्यायला अडचण कोणती? वाहतुकीचा करार करताना शेतकी खात्याने ट्रॉलीचा आख, हब आणि मागचे रिफ्लेक्टर पाहूनच सही करावी, अशी आमची सूचना आहे. एका दिवसाचे काम आहे.

ग्रामपंचायतींनीही आपला वाटा उचलावा. आखाला पहिला तडा डांबरी रस्त्यावर क्वचितच जातो, तो जातो पाणंदीच्या चाकोरीत आणि फुटक्या मोरीवर. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली राज्य सरकारने मातोश्रींच्या नावाने योजना आणली, ठिकठिकाणी कामे झाली, ठिकठिकाणी कागदावर राहिली. मोठी कामे होतील तेव्हा होवोत. पाऊस उघडल्यावर आणि तोड सुरू होण्याआधी चाकोरीत चार खेपा मुरूम टाकणे आणि मोरीचे फुटलेले नळ बदलणे, एवढे तरी सरपंचांनी मनावर घ्यावे.

आणि शेवटी, त्या ट्रॉलीतून फक्त ऊस जात नाही. हंगामाच्या सुरुवातीला बीडकडचा ऊसतोड मजूर त्याच ट्रॉलीत बायको, लेकरे, भांडीकुंडी, शेळी घेऊन दोन-दोनशे किलोमीटर येतो आणि हंगाम संपल्यावर तसाच परत जातो. त्या आखाची जाडी त्याने निवडलेली नसते. ती निवडतो मालक. म्हणून ट्रॉलीच्या मालकांना आमचे सांगणे आहे: गव्हाणीत मोळी पडण्याआधी एक दिवस काढा. ट्रॉली जॅकवर घ्या. चाक वर-खाली हलवून खेळ बघा. हब उघडा, जुने ग्रीस पुसून नवे भरा, खांद्याजवळ तडा शोधा, नंबर वहीत लिहा. पहिल्या खेपेला पाच किलोमीटरवर थांबून हबला हात लावा. हात टिकत नसेल, तर तिथेच थांबा. रंग त्यानंतर द्या.