शेजाऱ्याचं पुस्तक

१९६५ चं युद्ध कोणी जिंकलं? आपल्या मेसमध्ये विचारलंत तर उत्तर ठरलेलं. लाहोरच्या एखाद्या हॉस्टेलवरही ठरलेलंच, पण बहुधा उलटं! तिथे ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन असतो. ती पोरं शाळेत शिकली तेच बोलतात, आपणही तेच करतो. राजकीय मतं पुढे त्यावरच उभी राहतात.

फ्रान्स-जर्मनी १८७० ते १९४५ मध्ये तीनदा लढले. २००३ मध्ये दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी बर्लिनमध्ये मागणी केली की दोघांसाठी इतिहासाचं एक सामायिक पुस्तक हवं. २००६ मध्ये पहिला भाग निघाला. भाषा दोन, मजकूर तोच.

आपल्याकडे हे लगेच होणार नाही. पण शेजाऱ्याला शिव्या घालण्याआधी त्याचं शाळेचं पुस्तक एकदा वाचायला काय हरकत आहे? पटलं नाही तरी चालेल, तो असं का बोलतो ते तरी कळेल.