पाण्याचा हिशेब कार्बनमध्ये मावत नाही

बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत बंद करावे लागले. कारण यंत्रांतला बिघाड नव्हता, पाणीच नव्हते. आता गंमत पाहा. बंद केंद्राच्या धुराड्यातून धूर निघत नाही, म्हणजे केवळ कार्बनच्या कागदावर पाहिले तर दुष्काळाचे ते महिने केंद्राचे सर्वांत स्वच्छ महिने ठरतात. रुग्णाचा ताप उतरला म्हणून तो बरा झाला, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

उद्योगांनी आपल्या कार्बनचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा योग्यच आहे. ‘सेबी’ने शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल बंधनकारक केला. त्यात हरितवायूंबरोबर पाण्याचीही माहिती द्यावी लागते. कार्बनचे तीन गट असतात. स्वतःच्या आवारात जाळलेल्या इंधनाचा पहिला, विकत घेतलेल्या विजेचा दुसरा आणि कच्चा माल, वाहतूक, पुरवठादार यांचा तिसरा. पाणी या तिन्ही गटांत लपलेले असते.

ते कसे, हे साध्या गणिताने समजेल. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर खोल बोअरमधून वर आणायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर सुमारे ०.७ युनिट वीज लागते. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे हजार लिटरमागे अर्धा किलो. बोअर दोनशे मीटर खाली गेली की एक किलो. तेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने वीस किलोमीटरवरून आणले आणि जाऊन-येऊन दहा लिटर डिझेल लागले, तर हजार लिटरमागे अडीच किलोहून अधिक. शिवाय डिस्टिलरीचे सांडपाणी उघड्या तलावात कुजले तर त्यातून मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपटीहून अधिक तापदायक असतो. भूजल जितके खोल जाते तितका पाण्याचा कार्बन वाढतो. म्हणून हा आकडा अहवालात हवाच.

मात्र इथेच थांबले तर फसगत होते. कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापुढे पाणी उपसण्याचा कार्बन नगण्य दिसतो आणि अहवाल वाचणाऱ्याचा समज होतो की पाण्याचा प्रश्न किरकोळ आहे. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मुभा आहे. २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर हे पाणी २ कोटी १० लाख लिटर होते. ‘जलजीवन मिशन’च्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ते पावणेचार लाखांहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे.

कार्बन आणि पाणी यांत मूलभूत फरक आहे. बीडमध्ये सोडलेला एक टन कार्बन डायऑक्साइड आणि मुंबईत सोडलेला एक टन, दोन्ही वातावरणाला सारखेच. पण मे महिन्यात बीडमध्ये उपसलेला एक लिटर आणि श्रावणात कोकणात उपसलेला एक लिटर कधीच सारखे नसतात. कार्बनची भरपाई दुसऱ्या राज्यात झाडे लावून केल्याचे सांगता येते. आष्टीच्या आटलेल्या विहिरीची भरपाई कोयनेत होत नाही.

साखर कारखान्याचे उदाहरण बोलके आहे. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असते. त्याची वाफ थंड करून आधुनिक कारखाना आपली बहुतेक गरज भागवू शकतो, चिपाडावर वीजही करतो. त्यामुळे कारखान्याच्या फाटकाच्या आतला अहवाल उत्तम दिसतो. खरे पाणी खर्च होते ते फाटकाबाहेर, उसाच्या फडात. सेबीच्या अहवालात तिसऱ्या गटाचा कार्बन आणि पाणीटंचाईच्या भागातून केलेला उपसा, दोन्ही ऐच्छिक रकान्यात आहेत. आणि सहकारी कारखाने शेअर बाजारात नसल्याने त्यांना हा अहवालच लागू नाही.

याची किंमत दवाखान्यात दिसते. पाणी कमी पडले की आधी हात धुणे कमी होते. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर डोके वर काढतात. उन्हात राबणारा माणूस पाणी कमी पितो आणि मुतखडा, मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन येतो. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असेल तर दात आणि हाडे बिघडतात. डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्राला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, तिथे टँकरची वाट पाहता येत नाही. यातला एकही त्रास कार्बनच्या टनात मोजता येत नाही.

म्हणून रक्तदाब आणि साखर जशी वेगवेगळी तपासतात, तसे कार्बन आणि पाणी शेजारी शेजारी, पण स्वतंत्र मोजायला हवेत. पाण्याचा उपसा तालुकानिहाय आणि महिनानिहाय जाहीर व्हावा. टंचाईच्या भागातील उपशाचा रकाना ऐच्छिक राहू नये. कारखान्यांनी फडातल्या पाण्याचा अंदाज द्यावा, आणि ठिबक वाढवल्याने तो किती उतरला तेही सांगावे. सहकारी आणि सरकारी उद्योगांनाही राज्य शासनाने हाच नियम लावावा. सुधारणा अशक्य नाही. नागपूरच्या भांडेवाडीतील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. तेवढेच पिण्याजोगे पाणी शिल्लक राहते.

हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले तर टंचाई नेमकी कुणामुळे वाढली, हे विचारण्याचा हक्क गावाला मिळेल. आज टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हाती हंडा आहे, आकडा नाही.